नव्वद माणसांची फ्रिगेट

२२ मार्च २०२२ रोजी जपानच्या नौदलात 'कुमानो' ही नवी फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची लढाऊ नौका, दाखल झाली. तिचा क्रमांक होता एफएफएम-२. एफएफएम-१, म्हणजे 'मोगामी', तेव्हा अजून गोदीतच होती आणि ती आली महिनाभरानंतर, २८ एप्रिलला. थोरलीच्या आधी धाकटीचं लग्न उरकावं तसा हा प्रकार. मोगामीच्या गॅस टर्बाइनमध्ये बिघाड झाला आणि तिचं जलावतरण नोव्हेंबर २०२० ऐवजी ३ मार्च २०२१ ला करावं लागलं. दरम्यान दुसऱ्या गोदीत बांधली जात असलेली कुमानो १९ नोव्हेंबर २०२० लाच पाण्यात उतरली होती. तरीही या मालिकेला नाव मिळालं ते थोरलीचंच. जपानी कागदपत्रांत मानपानाचा क्रम इतक्या सहज बदलत नाही.

या जहाजांबद्दल वाचताना बहुतेक लोक क्षेपणास्त्रं, रडार, तोफा यांच्या याद्या काढून बसतात. मला त्या याद्यांपेक्षा एक आकडा जास्त बोलका वाटतो: ९०. एवढ्याच माणसांनी ही फ्रिगेट चालवायची आहे. तिने ज्या जुन्या जहाजांची जागा घ्यायची, त्यांत 'आबुकुमा' मालिकेची छोटी जहाजं आहेत. त्यांचं प्रमाणित वजन २,००० टन आणि त्यांवर माणसं १२० च्या आसपास. मोगामीचं प्रमाणित वजन ३,९०० टन. वजन जवळपास दुप्पट झालं आणि माणसं पाऊणपट राहिली. हा एक आकडा डोक्यात ठेवला, की तिच्या बांधणीतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आधी थोडं नावांविषयी, कारण इथे गोंधळ बराच आहे.

जपानच्या नौदलाचं अधिकृत नाव 'सागरी स्वसंरक्षण दल'. १९५४ साली ते स्थापन झालं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राज्यघटनेतल्या नवव्या कलमाने जपानने युद्धाचा मार्ग सोडला, त्यामुळे 'नौदल', 'विनाशिका' असे शब्द तिथे जपून वापरले जातात. मोठी असो की छोटी, प्रत्येक लढाऊ जहाजाला जपानीत एकच शब्द आहे: 'गोएइकान', म्हणजे सोबतीने राखण करणारं जहाज. विमानं उतरवता येतील अशा सपाट डेकचं भलंमोठं 'इझुमो'सुद्धा तिथे गोएइकानच. मग फ्रिगेट हे नाव आलं कुठून? जहाजाच्या क्रमांकाआधी जी इंग्रजी अक्षरं लावतात त्यांतून. 'एफएफ' ही फ्रिगेटची आंतरराष्ट्रीय खूण. पुढचा 'एम' बहुउद्देशीयपणासाठी आहे आणि पाणसुरुंगांसाठीही. पाणसुरुंगांकडे पुढे येऊच.

या आराखड्याला सुरुवातीला '३०डीएक्स' आणि नंतर '३०एफएफएम' म्हणत. यातला ३० म्हणजे टनही नव्हेत आणि वेगही नव्हे. ते हेइसेइ कालगणनेचं तिसावं वर्ष, म्हणजे २०१८ चा अर्थसंकल्प. आपल्या पंचांगावर शके असतो, तसा जपानी सरकारी कागदांवर सम्राटाच्या कारकिर्दीचा काळ असतो. या मालिकेची पुढची आवृत्ती '०६एफएफएम' म्हणून ओळखली जाते, कारण तोवर सम्राट बदलला आणि रेइवा कालगणनेचं सहावं वर्ष, २०२४, उजाडलं.

जहाजांची स्वतःची नावं नद्यांवरून घेतली आहेत. मोगामी ही यामागाता प्रांतातली नदी. कुमानो, नोशिरो, मिकुमा, याहागी, आगानो याही नद्याच. जहाजाच्या मागच्या बाजूला हे नाव साध्या हिरागाना लिपीत लिहिलेलं असतं, शाळेत मूल सर्वांत आधी शिकतं त्या लिपीत. यांतली बरीच नावं महायुद्धातल्या जपानी क्रूझरांचीही होती. त्या काळच्या मोगामी आणि मिकुमा १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत अंधारात एकमेकींवर आदळल्या होत्या आणि मिकुमा तिथेच बुडाली. आता त्याच नावांच्या दोघी पुन्हा एकाच मालिकेत आहेत. सुदैवाने यावेळी दोघींकडे रडार उत्तम आहे.

माणसंच नाहीत

१९७३ मध्ये जपानमध्ये सुमारे २१ लाख मुलं जन्मली होती. २०२४ मध्ये हा आकडा पहिल्यांदाच सात लाखांच्या खाली गेला. गावोगावच्या शाळा बंद पडतात, तसा याचा परिणाम सैन्यभरतीवरही होतो. २०२३ च्या आर्थिक वर्षात जपानी स्वसंरक्षण दलांच्या भरतीचं उद्दिष्ट जेमतेम निम्मं पूर्ण झालं. त्यातही नौदलाची अवस्था अवघड. महिनोन् महिने घरापासून दूर राहायचं आणि समुद्रात असताना मोबाइल धड चालत नाही, हे ऐकल्यावर विशीतला मुलगा दुसरी नोकरी बघतो.

दुसरीकडे काम काही कमी होत नव्हतं. पूर्व चीन समुद्रात चिनी जहाजांची वर्दळ वाढत होती आणि तिथे नजर ठेवायला जास्त जहाजं हवी होती. कमी माणसांत जास्त जहाजं, अशी ही कोंडी. पैसाही मोजूनमापूनच होता. एजिस या रडार आणि क्षेपणास्त्रांच्या यंत्रणेने सज्ज अशा एका मोठ्या विनाशिकेच्या खर्चात अशा तीन फ्रिगेट बसाव्यात, साधारण ५,००० कोटी येनला एक, असा हिशेब होता.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटाचा निर्णय झाला. स्पर्धेत तीन जहाजबांधणी कंपन्या होत्या. नियम असा, की पहिली येणारी मुख्य कंत्राटदार आणि दुसरी तिची सहकंत्राटदार. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज पहिली आली, मित्सुई दुसरी. हरणाऱ्यालाही काम देण्याची ही पद्धत वरवर विचित्र वाटते, पण त्यामागे व्यवहार आहे. लढाऊ जहाज बांधणारे वेल्डर आणि पाइप बसवणारे कारागीर एकदा पांगले, की पुन्हा गोळा करायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

एकाच खोलीत सगळं

जुन्या लढाऊ जहाजावर माणसं एवढी का लागतात? कारण कामं वेगवेगळ्या खोल्यांत वाटलेली असतात. पुलावर, म्हणजे ब्रिजवर, जहाज हाकणारे. खाली अंधाऱ्या खोलीत रडारचे पडदे बघणारे. इंजिनजवळ इंजिन बघणारे. आणखी एका ठिकाणी आग लागली किंवा पाणी शिरलं तर सूचना देणारे. प्रत्येक ठिकाणी चोवीस तास पाळ्या, म्हणजे एका खुर्चीमागे तीन-चार माणसं. खुर्च्या कमी केल्याशिवाय माणसं कमी होत नाहीत.

मोगामीत इंजिनावरची नजर, आग आणि पाणी यांची सूचनाफलकं आणि लढाईचा सगळा कारभार जहाजाच्या पोटातल्या एका मोठ्या खोलीत आणला आहे. खोली गोलाकार मांडणीची. मधे खुर्च्या आणि सभोवार भिंतींवर पडद्यांचं सलग कडं. जहाजाभोवती बसवलेल्या कॅमेऱ्यांतून दिसणारा समुद्र त्या पडद्यांवर चारही बाजूंनी दिसतो आणि त्या चित्रावरच कुठली नौका कोण, किती दूर, कुठल्या दिशेने चालली, हे लिहून येतं. खोलीला खिडकी एकही नाही आणि तरी आत बसलेल्या माणसाला वरच्या पुलावरच्या माणसापेक्षा जास्त दिसतं. विमानतळावरचा नियंत्रण मनोरा उचलून तळघरात ठेवावा, तसं काहीसं. मनोरा उंच असला की शत्रूलाही तो आधी दिसतो, हा मुद्दा इथे आहेच.

इंजिनांच्या निवडीतही हाच हिशेब दिसतो. जहाजाचं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे: वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. पंधरा नॉटने आरामात चालणाऱ्या जहाजाला तीस नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, गाठायचे तर एवढी चढाई. पण लढाऊ जहाजाचं बहुतेक आयुष्य संथ गस्तीत जातं. एकच प्रचंड इंजिन सतत अर्धवट ताकदीवर चालवणं म्हणजे दोन माणसांच्या खिचडीसाठी लग्नाचं पातेलं चढवणं. म्हणून मोगामीत दोन प्रकारची इंजिनं आहेत. रोजच्या चालीला दोन डिझेल. घाई असेल तेव्हा त्यांच्या जोडीला एक गॅस टर्बाइन. ही टर्बाइन रोल्स-रॉइसची 'एमटी३०', बोइंग ७७७ विमानांना बसवलेल्या ट्रेंट इंजिनाच्या घराण्यातली. एवढी ताकदवान, की एकीवरच भागतं. तिची ताकद गिअरबॉक्समधून दोन्ही पंख्यांना वाटली जाते. आधीच्या कित्येक जपानी जहाजांवर चार-चार टर्बाइन असत. यंत्रं कमी म्हणजे तेल-पाणी बघणारे हात कमी.

या एका टर्बाइनवरच सगळी भिस्त असल्यामुळे तिच्यात बिघाड झाला तेव्हा थोरली मागे पडली, हेही ओघाने आलंच.

काटकोन टाळायचा

मोगामीचा फोटो पाहिला की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा गुळगुळीतपणा. लांबी १३३ मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या मुंबई लोकलच्या निम्म्याहून थोडी जास्त. तरी अंगावर बाहेर काही लोंबकळताना दिसत नाही. होड्या दारांआड, टॉर्पेडोच्या नळ्या दारांआड, पुढचे दोरखंड आणि नांगर ओढायची यंत्रंसुद्धा झाकलेली.

हा सोस सौंदर्याचा नाही, रडारपासून लपण्याचा आहे. सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर असतो. त्यात दिवा नसतो, तरी मागून येणाऱ्या गाडीचा प्रकाश पडला की तो त्याच गाडीच्या दिशेने परत चमकतो. आत बारीक बारीक काटकोनी कोपरे असतात, म्हणून. काटकोनी कोपऱ्याचा गुणच असा, की कुठूनही आलेला किरण तो आल्या वाटेने परत पाठवतो. जुनं लढाऊ जहाज म्हणजे अशा कोपऱ्यांची खाणच: डेक आणि भिंत, भिंत आणि शिडी, कठडा आणि पेटी. रडारचा किरण पडला की सगळं जहाज रिफ्लेक्टरसारखं 'मी इथे आहे' म्हणून चमकतं. मोगामीच्या भिंती म्हणूनच तिरक्या आहेत. किरण आला तो वर आकाशात किंवा खाली पाण्यावर जातो, पाठवणाऱ्याकडे फारसा काही परतत नाही. जहाज अदृश्य होत नाही, हे मात्र सांगायला हवं. रडारवर ते आहे त्यापेक्षा बरंच लहान दिसतं, आणि समुद्रात मासेमारीच्या शेकडो होड्या असताना तेवढंही पुष्कळ असतं.

गुळगुळीतपणाची खरी अडचण डोलकाठीवर येते. लढाऊ जहाजाला डझनावारी अँटेना लागतात: बोलायला, ऐकायला, शत्रूची रडार हेरायला, स्वतःच्या विमानांना ओळखायला. जुन्या जहाजाची डोलकाठी म्हणजे देवळापुढची दीपमाळ, चहूबाजूंनी हात बाहेर आलेले आणि प्रत्येक हातावर काहीतरी ठेवलेलं. दीपमाळ देवळापुढे शोभते. समुद्रात तीच शत्रूच्या रडारवर लखलखते, शिवाय एका अँटेनाची सावली दुसरीवर पडते.

जपानी अभियंत्यांनी याला काढलेली तोड म्हणजे 'युनिकॉर्न', एकशिंगी घोड्याचं नाव. जहाजाच्या माथ्यावर एकच जाडसर, गुळगुळीत खांब. त्याच्या आत वेगवेगळ्या कामांच्या अँटेना एकावर एक मजले चढवल्यासारख्या रचलेल्या. प्रत्येक मजल्याला चारही दिशा मोकळ्या, कारण बाजूला दुसरं काही नाहीच. एनईसी, साम्पा कोग्यो आणि योकोहामा रबर या तीन कंपन्यांनी मिळून तो बनवला. टायर बनवणारी कंपनी अँटेनात कशी, असा प्रश्न पडेल. रडारच्या लहरी शोषणारी किंवा आरपार जाऊ देणारी आवरणं बनवणं हे रबर आणि रसायनांचंच काम आहे.

या खांबाशी भारताचा थेट संबंध आहे. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टोकियोतल्या भारतीय दूतावासात भारत आणि जपान यांच्यात युनिकॉर्नविषयी करारपत्रावर सह्या झाल्या. भारतीय नौदलाच्या जहाजांसाठी ही डोलकाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड जपानी सहकार्याने विकसित करणार आहे. दोन्ही देशांनी मिळून संरक्षणसामग्री बनवण्याचं हे पहिलंच उदाहरण. त्याआधी समुद्रावर उतरणाऱ्या यूएस-२ विमानांबद्दल वर्षानुवर्षं बोलणी झाली, पण ती कुठे पोचली नाहीत. सुरुवात शेवटी एका खांबापासून झाली.

पाणसुरुंगांची जुनी जखम

आता त्या 'एम'कडे. फ्रिगेटने पाणसुरुंगही शोधायचे, ही अपेक्षा बहुतेक देशांना चमत्कारिक वाटेल. जपानला का वाटत नाही, ते समजायला १९४५ मध्ये जावं लागतं.

महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी जपानच्या बंदरांत आणि सामुद्रधुनींत बारा हजारांहून जास्त पाणसुरुंग टाकले. जपानला अन्न आणि तेल समुद्रातूनच येत असे, त्याचा गळा आवळणं हा हेतू होता. मोहिमेचं नावच 'उपासमार' होतं. युद्ध संपलं, सुरुंग पाण्यातच राहिले. शाही नौदल बरखास्त झालं तरी सुरुंग काढणारी पथकं कायम ठेवावी लागली. पुढे याच माणसांभोवती नवं सागरी दल उभं राहिलं. १९५० मध्ये कोरियन युद्धात वोनसान बंदरापाशी सुरुंग काढायला जपानी नौका गेल्या, त्यांतली एक स्फोटात बुडाली. १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर जपानने इराणच्या आखातात पाठवलेल्या पथकाने ३४ सुरुंग निकामी केले. थोडक्यात, हे काम त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे.

पण सुरुंग काढणारी खास नौका लाकडाची किंवा फायबरची असते. पोलादी जहाजाच्या चुंबकत्वानेच काही सुरुंग फुटतात. मोगामी पोलादाची आहे. मग ती हे काम करणार कशी? ती सुरुंगांच्या पट्ट्यात शिरतच नाही, लांब थांबते. तिच्या मागच्या भागात एक दार आहे, त्यातून ती माणसाविना चालणारी होडी आणि 'ओझेडझेड-५' नावाचं पाण्याखालचं यंत्र सोडते. हे यंत्र टॉर्पेडोसारखं दिसतं आणि समुद्राच्या तळाचं ध्वनिलहरींनी चित्र काढत पुढे सरकतं. उंच सुराच्या लहरींनी चित्र रेखीव येतं आणि खोल सुराच्या लहरी गाळात शिरतात, म्हणून ते दोन्ही वापरतं. गाळात पुरलेला सुरुंग असा सापडतो. तो फुटला तरी नुकसान यंत्राचं होतं, माणसाचं नाही.

जाता जाता: भारतीय नौदलाची शेवटची खास सुरुंगशोधक नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. मुंबई आणि न्हावा-शेव्यासारख्या बंदरांवर देशाचा व्यापार किती अवलंबून आहे हे बघता, जपान्यांच्या या धडपडीकडे आपण जरा जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं.

गोदीतलं काम

मोगामी बांधली गेली नागासाकीत. तिथल्या मित्सुबिशीच्या गोदीचा इतिहास १८५७ पासूनचा. डचांच्या मदतीने सुरू झालेला लोखंडी कारखाना पुढे मित्सुबिशीकडे आला. १९०९ सालची अजस्र क्रेन तिथे अजून उभी आहे आणि चालूही आहे. महायुद्धापूर्वी 'मुसाशी' ही महाकाय युद्धनौका याच गोदीत गुपचूप बांधली जात होती. ती दिसू नये म्हणून भोवती दोरांचे प्रचंड पडदे लावले, आणि त्यासाठी इतका दोर खपला की आसपासच्या कोळ्यांना जाळ्यांसाठी मिळेना. कुमानो बांधली गेली ओकायामा प्रांतातल्या तामानो इथे, मित्सुईच्या गोदीत. गंमत अशी, की ती पाण्यात उतरली तेव्हा गोदी मित्सुईची होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये मित्सुईने लढाऊ जहाजांचा धंदाच मित्सुबिशीला देऊन टाकला आणि नौदलात दाखल होईपर्यंत कुमानोचं माहेर बदललेलं होतं.

आजचं जहाज खालून वर भिंत रचावी तसं बांधत नाहीत. त्याचे मोठमोठे तुकडे, ब्लॉक, वेगवेगळ्या शेडमध्ये तयार होतात. बऱ्याचदा ते उलटे ठेवून, कारण वर हात करून वेल्डिंग करण्यापेक्षा खाली वाकून केलेलं वेल्डिंग सरळ आणि पक्कं होतं. पाइप, केबलींचे मार्ग, यंत्रांच्या बैठका शक्य तेवढ्या आतच बसवून घेतात. मग क्रेनने ब्लॉक आणून जोडले जातात. जलावतरणाला जपानमध्ये एका छोट्या चंदेरी कुऱ्हाडीने दोर कापतात, कागदी पताकांचा गोळा फुटतो आणि जहाज पाण्यात जातं. बघणाऱ्याला वाटतं झालं. खरं तर अजून वर्षभराहून जास्त काम बाकी असतं: रडार, हत्यारं, हजारो जोडण्या आणि समुद्रातल्या चाचण्या.

मोगामीचा कणा ऑक्टोबर २०१९ मध्ये घातला गेला आणि अडीच वर्षांत ती दाखल झाली, तीही इंजिनाच्या दुखण्यासकट. आपल्या माझगाव डॉकमधल्या 'निलगिरी'चा कणा डिसेंबर २०१७ मध्ये घातला आणि ती दाखल झाली जानेवारी २०२५ मध्ये. ही तुलना करताना न्याय मात्र करायला हवा. निलगिरी मोठी आहे आणि पहिल्या दिवसापासून ब्राह्मोस व हवाई संरक्षणाच्या क्षेपणास्त्रांनी सज्ज आहे. मोगामीच्या वेगामागे एक युक्ती आहे, जी जाहिरातीत ठळक छापत नाहीत.

ती युक्ती म्हणजे रिकामी जागा. पुढच्या तोफेच्या मागे, पुलाच्या पुढ्यात, क्षेपणास्त्रं उभी ठेवून डागण्याचे सोळा कप्पे बसतील अशी जागा आराखड्यात होती, पण सुरुवातीच्या जहाजांवर कप्पे बसवलेच नाहीत. घर बांधताना वरच्या मजल्याचे गज बाहेर काढून ठेवतात, तसं. आधी जहाज घ्या, समुद्रात पाठवा, पैसे आले की कप्पे बसवू. पुढच्या जहाजांवर ते बांधतानाच आले. तोवर पहिल्या जहाजांकडे हल्ल्यासाठी १२७ मिलिमीटरची तोफ आणि जहाजविरोधी आठ क्षेपणास्त्रं होती, पण विमानांपासून बचावाला जवळच्या पल्ल्याची यंत्रणाच काय ती. दर वर्षाला दोन जहाजं या वेगाची ही किंमत होती. माझ्या मते ती किंमत शांततेच्या काळात परवडते. युद्ध कधी सुरू होईल हे ठरवणं जहाजबांधणाऱ्याच्या हातात नसतं, एवढीच अडचण.

नव्वद पुरतील का?

रोजच्या गस्तीला पुरतात, हे दिसतंय. माणसांना विश्रांती मिळावी आणि जहाज मात्र फिरत राहावं म्हणून तीन जहाजांमागे चार संच खलाशी ठेवायचे, अशी कल्पनाही मांडली गेली. टॅक्सी एकच, ड्रायव्हर पाळीने.

प्रश्न आहे जखमी जहाजाचा. १४ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेची 'सॅम्युअल बी. रॉबर्ट्स' ही फ्रिगेट इराणच्या आखातात पाणसुरुंगावर आदळली. तळाला भगदाड पडलं, इंजिनघरात पाणी आणि आग एकदमच. ती वाचली ती खलाशांमुळे. तासन् तास हातांनी आधार ठोकत, पोलादी दोरांनी फाटलेला सांगाडा आवळत, एकामागे एक रांग लावून त्यांनी जहाज तरतं ठेवलं. त्या वेळी तिच्यावर दोनशेच्या आसपास माणसं होती. निम्म्या माणसांत ते जमलं असतं का? स्वयंचलित पंप आणि पाण्याचे फवारे पुष्कळ काही करतात, पण वीजच गेली तर हातच लागतात.

अमेरिकेने स्वतः हा धडा वेगळ्या वाटेने गिरवला. किनारी लढाईसाठीची त्यांची 'लिटोरल' मालिका मूळ चाळीस खलाशांवर बेतली होती. माणसं थकून गेली आणि संख्या वाढवावी लागली. त्या मालिकेतली पहिली नौका 'फ्रीडम' २००८ मध्ये आली आणि २०२१ मध्ये निवृत्तही झाली, लढाऊ जहाजासाठी हे वय पोरसवदाच. जपान्यांनी चाळीसवर न जाता नव्वदवर थांबणं आणि कामानुसार बदलायच्या हत्यारपेट्यांच्या फंदात न पडणं, यात शेजारच्याच्या ठेचेवरून शिकल्याची खूण दिसते.

पुढची बहीण

मुळात अशी बावीस जहाजं बांधायची होती. पण जहाजं बांधता बांधताच गरजा बदलल्या, आणि बारावरच थांबून पुढची बारा सुधारित आराखड्याची बांधायची असं ठरलं. सुधारित जहाज १४२ मीटर लांब, ४,८०० टनांचं, कप्पे सोळाऐवजी बत्तीस. खलाशी मात्र तेवढेच, नव्वदच्या आसपास. रिकाम्या जागेची युक्ती यावेळी नाही.

याच सुधारित आराखड्याला एक गिऱ्हाईक मिळालं, ज्याची जपानला फार दिवस वाट होती. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाने पाणबुड्यांसाठी जपानला नाकारून फ्रेंच कंपनी निवडली होती. शस्त्रं विकण्यावरचे निर्बंध जपानने २०१४ मध्येच सैल केले होते, आणि पहिल्याच मोठ्या परीक्षेत अपयश आल्याने ती बोच राहिली होती. ५ ऑगस्ट २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाने जर्मन स्पर्धकाला मागे टाकून सुधारित मोगामी निवडली. एकूण अकरा जहाजं घ्यायची आहेत, त्यांतली पहिली तीन जपानमध्ये बांधून. पहिलं २०२९ मध्ये हाती यावं, अशी अपेक्षा आहे. उरलेली पश्चिम ऑस्ट्रेलियात हेंडरसनच्या गोदीत बांधायचा बेत आहे.

ही जहाजं तिथल्या जुन्या 'अँझॅक' फ्रिगेटींची जागा घेतील. अँझॅकवर सुमारे १७० माणसं लागतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलातही भरतीला माणसं मिळत नाहीत.